लोखंडी नांगर आणि आगगाडीची वाट

काळ्या रानातील हरळी व कुंदा यांचे उच्चाटन करावयाचे झाल्यास जमीन खोल नांगरून ती उन्हात तापू द्यावी, हा उपाय आज सर्वश्रुत आहे. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी तो शेतकऱ्यास सहजसाध्य नव्हता. बाभळीच्या लाकडाचा अवजड नांगर ओढावयास सहा-आठ बैल जुंपावे लागत. तो जमीन फाडी, मात्र उलथीत नसे. माती उलथून टाकणारा लोखंडी नांगर आपल्या शेतात आला, तो आगगाडीच्या रुळांमुळे.

हे रूळही प्रारंभी कच्चेच होते. इंग्लंडमधील डर्बी स्थानकात, जेथे गाड्यांची वर्दळ फार, तेथील घडीव लोखंडाचे रूळ सहा महिन्यांत झिजून बदलावे लागत. वितळलेल्या बिडातून हवा फुंकून स्वस्त पोलाद करण्याची कृती हेन्री बेसेमर यांनी १८५६ मध्ये जाहीर केली. पुढच्याच वर्षी डर्बीस पोलादी रूळ घातला गेला व तो कित्येक वर्षे टिकला. जड माल दूरवर, वर्षानुवर्षे वाहून नेणारी आगगाडी खऱ्या अर्थाने शक्य झाली, ती त्यानंतर. आपल्याकडे मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला. लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाणारा माल डब्यांतून जाऊ लागला.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावास प्रथम सायकलींचे दुकान काढले, मग कडबा कापण्याचे यंत्र केले आणि त्यानंतर परदेशी नमुन्यावरून लोखंडी नांगर. नांगर उत्तम होता. गिऱ्हाईक मात्र येईना. पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन नासते, असा समज रूढ होता. या समजुतीस आपण हसतो. प्रस्तुत लेखकास ते तितकेसे न्याय्य वाटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो बलुत्यावर दुरुस्त करून देई. बिडाचा भाग तुटला तर तो सांधणार कोण? ऐन नांगरटीत खोळंबा झाला तर वर्षाचे पीक धोक्यात. मृगापूर्वीचे दिवस कोणासाठी थांबत नाहीत.

१९१० मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या मुलखात जमीन व कर्ज देऊ केले. ते निवडुंगाने भरलेले ओसाड माळरान होते. पण पुणे-बेळगाव लोहमार्गावरील कुंडल रोड स्थानक तेथून जवळ होते, आणि नांगराच्या कारखान्यास हेच मोलाचे. बीड व कोळसा रुळावरून यावयाचा आणि तयार नांगर रुळावरूनच गावोगाव जावयाचा. स्थानक नसते तर बैलगाडीच्या भाड्यानेच नांगराची किंमत शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेली असती.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासे झाले. साकचीस, म्हणजे पुढच्या जमशेदपुरास, टाटांच्या कारखान्यात १९१२ पासून पोलाद निघू लागले होते, पण युद्धाची मागणी त्यावरही पडली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. तोफा वितळून फाळ झाले!

या बदलाची झळ ज्यांस लागली त्यांचा उल्लेख सहसा होत नाही. नांगर कारखान्यातून येऊ लागला तसे सुताराचे एक मोठे काम गेले आणि त्याबरोबर सुगीत खळ्यावरून मिळणारे धान्यही हळूहळू आटले. शेतकऱ्याचेही परावलंबन वाढले, कारण झिजलेल्या फाळासाठी त्यास आता बाजाराची वाट धरावी लागे. उलटपक्षी त्याच्या रानातील हरळी हटली, हेही तितकेच खरे.

कुंडल रोड स्थानकाचे नाव पुढे किर्लोस्करवाडी झाले. बैलांचा लोखंडी नांगर आता क्वचितच दिसतो; ट्रॅक्टरच्या पलटी नांगराने त्याची जागा घेतली आहे. काही वाड्यांच्या गोठ्यात मात्र तो अद्याप भिंतीशी टेकून उभा असतो.