नजर जाईल तिथे बिट

१९२० बाय १०८० पिक्सेलचे चित्र, सेकंदाला ३० फ्रेम आणि दर पिक्सेलला २४ बिट असा हिशेब मांडला, तर कच्च्या व्हिडिओला सेकंदाला सुमारे दीड अब्ज बिट लागतात. इंटरनेटवरून तोच व्हिडिओ सेकंदाला ५० लाख बिटांत बऱ्यापैकी नीट दिसतो. एवढी काटछाट खपून जाते, त्यात डोळ्याच्या उणिवांचाही वाटा आहे.

दृष्टिपटलाच्या मध्यावर एक इवलासा खळगा असतो. शंकूपेशींची खरी दाटी तिथेच. हात लांब करून अंगठा धरला, तर त्याच्या नखाएवढ्या जागेतलेच बारकावे डोळा टिपतो. बाकीचे धूसर असते. ते जाणवत नाही, कारण नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारते आणि मेंदू तुकडे जुळवून घेतो.

या उड्या कुठे पडतात, हे रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी डोळ्याला चिकटणारी चिमुकली टोपी बसवून नोंदवले. चित्रकार रेपिनच्या एका चित्रातल्या माणसांची वये विचारली की पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यांवर फिरे. घरची सांपत्तिक स्थिती विचारली की कपड्यांवर आणि सामानावर. आता टोपी लागत नाही. डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकून बाहुली आणि बुबुळावरची चकाकी कॅमेऱ्याने टिपली की काम भागते.

नजर जाईल तिथेच जास्त बिट द्यायला व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या एन्कोडरच्या हातात सोयीची कळ आहे. एच.२६४ पद्धतीत फ्रेमचे १६ बाय १६ पिक्सेलचे ठोकळे पडतात आणि प्रत्येकाला ० ते ५१ मधला एक आकडा मिळतो. तो सहाने वाढला की भरडपणाची पायरी दुप्पट होते आणि बिट वाचतात. क्रिकेटच्या सामन्यात सर्वाधिक बिट खातात ती गवताची पाती आणि प्रेक्षकांची गर्दी. लोक पाहतात चेंडू आणि फलंदाज. गर्दीचा आकडा वाढवावा, फलंदाजाचा उतरवावा, एवढाच डाव. (षटकार गर्दीत पडला की डाव फसतो, हे अर्थात आलेच.)

टेक्सास विद्यापीठातल्या गाइस्लर आणि पेरी यांनी १९९८ मध्ये प्रेक्षकाच्या नजरेमागे स्पष्टता सरकवणारी यंत्रणा मांडली. पण एकच फाइल लाखो जण पाहतात, तेव्हा कोणाची नजर धरायची? मग अंदाज करावा लागतो. लॉरेंट इट्टी यांनी २००४ मध्ये रंग, उजेड, रेषांची दिशा, हालचाल यांवरून लक्षवेधी जागा हेरणारे प्रारूप वापरले. फाइली सरासरीने सुमारे निम्म्या झाल्या. चेहरे आणि फ्रेमचा मध्य हे अंदाजही बहुधा बरोबर ठरतात.

खरी अडचण वेगळीच आहे. पार्श्वभूमी फार भरड केली की ठोकळे लुकलुकू लागतात, आणि डोळ्याच्या कडेला हालचाल लगेच जाणवते. जिथे कोणी पाहणार नव्हते, तिथेच नजर ओढली जाते. म्हणून कात्री जपून चालवावी लागते आणि मोठी बचत कागदावरच राहते.

आभासी वास्तवाच्या हेडसेटमध्ये मात्र पडदा एकाच्याच डोळ्यांपुढे असतो. २०२३ च्या प्लेस्टेशन व्हीआर२ मध्ये नजर टिपणारे कॅमेरे आहेत आणि त्यांच्या आधारे खेळाचे चित्र नजर असेल तिथे तेवढे बारीक रंगवता येते. चित्र दूरच्या संगणकावरून यायचे असेल, तर एन्कोडरलाही तीच माहिती देता येते. अट वेळेची आहे: उडीदरम्यान दृष्टी मंदावते, तेवढ्या काही डझन मिलिसेकंदांच्या आसपास नवे चित्र पोहोचले पाहिजे. घरातल्या वायफायवर हे साधू शकते. दूरच्या सर्व्हरवरून फार कठीण जाते.