‘ढ’ ठरवण्याआधीचे नव्वद दिवस

एडिसन, न्यू जर्सी : इथल्या मराठी घरांत कधीकधी शाळेचं एक पत्र येतं. मूल वाचनात मागे पडतंय, त्याची तपासणी करायची आहे, पालकांची लेखी संमती हवी. तपासणी करणाऱ्यांच्या यादीत ‘स्कूल सायकॉलॉजिस्ट’ हे पद दिसलं की आईच्या पोटात गोळा येतो. मानसशास्त्रज्ञ म्हणजे डोक्यावर परिणाम झालेल्यांचा डॉक्टर, ही समजूत गावाकडून सोबत आलेली असते. सही करावी की नको, यावर घरात रात्रभर खल चालतो.

खरं तर या पेशाचा जन्मच एका शिक्षिकेच्या तक्रारीतून झाला. एडिसनपासून दीड-दोन तासांवरच्या फिलाडेल्फियात १८९६ साली एक बाई आपल्या वर्गातल्या मुलाला लाइटनर विटमर या प्राध्यापकांकडे घेऊन गेल्या. पोरगं एरवी ठीक होतं, स्पेलिंग मात्र जमत नव्हतं. मानसशास्त्राचं पहिलं चिकित्सालय या मुलापासून सुरू झालं असं मानतात. प्रश्न वेडाचा नव्हताच, ‘याला येत का नाही’ एवढाच होता.

त्या प्रश्नामागे कायदा उभा राहायला मात्र १९७५ साल उजाडलं. अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्या नोव्हेंबरात सही केलेल्या कायद्यानं अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत मोफत आणि त्याला साजेसं शिक्षण मिळण्याचा हक्क दिला. वाचनातली अडचणही त्यात मोडते. न्यू जर्सीत त्यासाठी शाळेचं एक पथक असतं : मानसशास्त्रज्ञ, अध्ययन-अक्षमतेचा जाणकार शिक्षक आणि समाजसेवक. पालकांनी लेखी मागणी केली की वीस दिवसांत बैठक घ्यावी लागते. संमतीची सही झाल्यापासून नव्वद दिवसांत तपासणी, निर्णय आणि मूल पात्र ठरलं तर त्याच्यापुरता शिक्षण-आराखडा लागू, हे सगळं व्हावं लागतं. निष्कर्ष पटला नाही, तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून शाळेच्या खर्चानं फेरतपासणी मागता येते. कारकुनी वाटावी अशी ही मुदत आहे, पण ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत मुलाची चार वर्षं वाया जाणं तिच्यामुळेच थांबतं.

तपासणी दिसते तरी कशी? शांत खोली, एक टेबल, त्यावर लाल-पांढरे ठोकळे. समोरच्या चित्रासारखी नक्षी मुलानं ठोकळ्यांतून जुळवायची आणि समोरच्या बाईंनी घड्याळ लावून वेळ मोजायचा. मग आकडे ऐकायचे आणि उलट्या क्रमानं सांगायचे. त्या बाईंचं लक्ष नुसत्या गुणांवर नसतं. मूल चुकल्यावर थांबतं की पुन्हा धरतं, हात कुठं अडतो, डोळे कुठं वळतात, हेही त्या टिपतात. वर्गात मागच्या बाकावर बसून निरीक्षण होतं, आईवडिलांशी बोलणं होतं. एकट्या आकड्यावरून निकाल द्यायला कायद्याची मनाई आहे.

हे शहाणपण अमेरिकेला ठेच लागून आलं. कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या नऊ मुलांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं होतं. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या या मुलांची परीक्षा इंग्रजीत झाली होती. स्पॅनिशमध्ये पुन्हा तपासल्यावर त्यातली बहुतेक मुलं त्या वर्गाची नाहीतच असं निघालं. १९७० च्या ‘डायना’ खटल्यानं ही गोष्ट देशापुढे आणली. शक्य असेल तिथं मुलाची तपासणी त्याच्या घरच्या भाषेत व्हावी, असं कायदा आज सांगतो. घरात मराठी बोलणाऱ्या मुलालाही तो हक्क आहे.

इथं वाशिम जिल्ह्यातलं मानोरा आठवल्याशिवाय राहत नाही. तिथल्या पोहरादेवीच्या परिसरातल्या बंजारा तांड्यांवर पोरं घरी गोरबोली बोलतात आणि पहिलीत थेट पुस्तकी मराठीपुढे बसतात. फळ्यावरचं वाचता न येणारं पोरगं मंद, की भाषा नवी म्हणून गप्प? हा प्रश्न वाशिमलाही तितकाच लागू आहे. तो सोडवायची हत्यारं विदर्भाला परकी नाहीत. वेश्लर यांची मुलांसाठीची अमेरिकन बुद्धिमापन चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली ती नागपूरच्या डॉ. आर्थर मॅलिन यांनी, १९६९ साली. ती मराठीतही आहे. गोरबोलीतून समजावणारा माणूस तिच्या जोडीला बसवणं अवघड नाही.

अमेरिकेतही सगळं आलबेल नाही. पाचशे विद्यार्थ्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ असावा, असं शालेय मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचं म्हणणं आहे. प्रत्यक्षात एकेकाच्या वाट्याला सरासरी हजाराहून जास्त मुलं येतात. पण निदान नेमका आकडा समोर आहे आणि त्यावरून भांडता येतं.

भारतातही भांडायला आधार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं विशिष्ट अध्ययन-अक्षमतेला मान्यता दिली आहे. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमायला सांगितलं. वाशिम २०१८ पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. मग या नेमणुकीची सुरुवात वाशिमपासूनच का होऊ नये?

तोवर पालकांनी न्यू जर्सीकरांची एक सवय उचलावी. तोंडी सांगून थांबू नका. मुलाला नेमकं काय जमत नाही ते कागदावर लिहा, मुख्याध्यापकांना अर्ज द्या, तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञाकडून तपासणी मागा आणि तारखेसह पोच घ्या. मूल गप्पगप्प झालं असेल, जेवत-झोपत नसेल, तर अर्जाची वाटही पाहू नका. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.