कामाचा ताण आणि रक्तदाब

नोकरीतील दीर्घकालीन मानसिक ताण हा उच्च रक्तदाबाचा धोका वाढवणारा एक घटक मानला जातो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार हा ताण केवळ कामाच्या बोज्यावर अवलंबून नसतो. कामाची मागणी जास्त आणि ते कसे करावे हे ठरवण्याची मुभा कमी असेल, तेव्हा तो सर्वाधिक असतो.

ताणाच्या वेळी अनुकंपी चेतासंस्था उत्तेजित होऊन ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन ही संप्रेरके स्रवतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब तात्पुरता चढतो. ताण रोजचाच झाल्यास शरीराला पूर्ववत होण्यास पुरेसा अवधी मिळत नाही. अपुरी झोप, धूम्रपान, मद्यपान व व्यायामाचा अभाव यांमुळे धोक्यात भर पडते.

न्यूयॉर्क शहरातील नोकरदारांच्या एका दीर्घकालीन अभ्यासात दंडाला बांधलेल्या यंत्राद्वारे २४ तास रक्तदाब नोंदवण्यात आला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ३ वर्षांच्या अंतराने दोन्ही वेळा तणावपूर्ण कामात असलेल्या पुरुषांचा रक्तदाब कामाच्या ठिकाणीच नव्हे, तर घरीही इतरांपेक्षा जास्त होता. या काळात ज्यांच्या कामातील ताण दूर झाला, त्यांचा रक्तदाब मात्र उतरला.

काही व्यक्तींचा रक्तदाब दवाखान्यात सामान्य आढळतो, परंतु कामाच्या वेळी वाढलेला असतो. यास प्रच्छन्न उच्च रक्तदाब म्हणतात. केवळ दवाखान्यातील मोजणीवर विसंबल्यास तो लक्षात येत नाही व उपचारांस विलंब होतो. म्हणून अशा व्यक्तींच्या बाबतीत कामाच्या दिवशी घेतलेल्या नोंदी महत्त्वाच्या ठरतात.