घोडेस्वाराच्या दातांचं काय?

घोड्यावरून खाली पडलं तरच दात पडतात, असं आपण धरून चालतो. पण स्वार खोगिरात नीट बसलेला असतानाही घोडा बुजतो, मान वर झटकतो आणि त्याचं डोकं पुढे झुकलेल्या स्वाराच्या तोंडावर आदळतं. हेल्मेट कवटी सांभाळतं, दात उघडेच राहतात.

माउथगार्ड बहुधा वरच्या दातांवर बसतो. ईव्हीए नावाच्या लवचीक प्लॅस्टिकचा हा थर धक्का एकाच दातावर न पडू देता अनेक दातांवर पसरवतो, खालचे दात वरच्यांवर आपटू देत नाही, जीभ-ओठही वाचवतो. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचे स्वस्तात मिळतात. दंतवैद्याने माप घेऊन केलेला जास्त घट्ट बसतो आणि त्यात बोलणंही सोपं जातं. घोड्याला आवाज द्यावा लागतो, तेव्हा ही चैन नव्हे! मेंदूला बसणारा हादराही टळतो, अशी जाहिरात होते, पण त्याचे पुरावे कच्चे आहेत.

एवढं करूनही दात मुळासकट निघालाच तर? मुळाला हात न लावता चावायच्या बाजूने उचला, दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत दंतवैद्य गाठा. लहान मुलाचा दुधाचा दात असेल, तर तो परत बसवत नाहीत. तसं केल्यास हिरडीत वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.