कुत्र्याच्या रक्ताची साक्ष

जळकोटाजवळच उदगीर येथें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणून पालक आम्हांस विचारितात, चावलेल्या कुत्र्याचें रक्त तपासून तें पिसाळलें आहे कीं नाहीं, हें कळणार नाहीं काय?

लस टोचल्यावर कुत्र्याच्या रक्तांत प्रतिपिंडें, म्हणजे रोगाशीं झुंजणारीं द्रव्यें, उत्पन्न होतात. एक मिलिलिटर रक्तरसांत त्यांचीं निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एककें भरलीं, तर लस लागू पडली असें मानितात. रक्ताची साक्ष एवढ्यापुरतीच. पिसाळलेल्या कुत्र्याच्या रक्तांत हीं द्रव्यें बहुधा फार उशिरां दिसतात. म्हणून रोगाचें निश्चित निदान त्याच्या मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतें.

यास्तव, विद्यार्थ्यांनो, कुत्रें चावल्यास जखम साबणपाण्यानें १५ मिनिटें धुवा, घरीं सांगा व त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्या. कुत्र्याच्या तपासणीची वाट पाहूं नका.