मोहिमांची साठ वर्षं

साताऱ्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा शेतातलं काम उरकून बायाबापड्या रात्री देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत जमत. शिकवायला गावचेच गुरुजी आणि चार बुकं शिकलेली पोरं. कंदिलाच्या रॉकेलची सोयसुद्धा गावानेच करायची. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा, गुढ्यातोरणं लागायची. दोन वर्षांत ही मोहीम राज्यात इतरत्र पोचली आणि एवढं मोठं काम इतक्या थोड्या पैशांत झालं, म्हणून तिचं कौतुक झालं. ते कौतुक रास्तच होतं. पण समारंभानंतर त्या गावांत वाचायला पुस्तकं नव्हती, वर्ग पुढे चालवायला माणूस नव्हता, आणि शिकलेली अक्षरं अनेकांची विरून गेली. तरीही प्रौढ शिक्षण फुकटात होतं, ही समजूत सरकारदरबारी तेव्हापासून पक्की बसली. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत ती हललेली नाही.

याला एक ठळक अपवाद झाला. १९६७ मध्ये मुंबईत वरळीला देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ सुरू झालं. अक्षरओळख आणि हातातलं काम एकत्र शिकवायचं, कामगाराच्या सोयीच्या वेळेला शिकवायचं, असा त्यामागचा विचार होता. तो किती बरोबर होता हे आजही कुठल्याही शिवणवर्गात दिसतं. मशीन सफाईने चालवणारी बाई असते, कापड हातात घेतलं की तिला कळतं कुठे चुणी घ्यायची. पण टेपवरचा आकडा वाचून छाती, कंबर, मुंडा, बाही अशी मापं वहीत उतरवता येत नाहीत. मग ब्लाउज बेतणं दुसरीकडे जातं आणि ती वर्षानुवर्षं साड्यांना फॉल-बिडिंग करत राहते. तिला नुसती बाराखडी शिकवून भागत नाही. नुसतं शिवण शिकवूनही नाही. दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी हवं. २००० साली या संस्थांचं नाव जन शिक्षण संस्थान झालं, २०१८ मध्ये त्या शिक्षण खात्याकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेल्या. साक्षरता मात्र शिक्षण खात्याकडेच राहिली. जे एकत्र असायला हवं होतं त्याची दोन खात्यांत वाटणी झाली.

त्याच मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येला पुन्हा गिरणीत जागा मिळाली नाही. साच्यावर आयुष्य काढलेल्या पस्तिशी-चाळिशीच्या माणसाला दुसरं काम शिकवण्याची ती वेळ होती. दहा वर्षांनी, १९९२ मध्ये, केंद्राने राष्ट्रीय नवीकरण निधी उभारला. बंद उद्योगांतल्या कामगारांचं पुनर्प्रशिक्षण हे त्याचं एक घोषित उद्दिष्ट होतं. प्रत्यक्षात बहुतेक पैसा सार्वजनिक उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर गेला. एकरकमी पैसे देऊन माणसाला घरी पाठवणं सोपं होतं, त्याला नवं काम शिकवून उभं करणं खर्चाचं आणि चिकाटीचं होतं. सरकारने सोपं ते निवडलं, याचा मला आजही राग येतो.

साक्षरतेच्या बाजूला योजनांची रांग लागली. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता अभियान, २००९ ला साक्षर भारत. साक्षर भारतात निदान गावोगावी लोकशिक्षण केंद्र आणि ते चालवणारे प्रेरक होते. मानधन महिना २,००० रुपये. तेही वेळेवर मिळावं म्हणून अनेक राज्यांत प्रेरकांना आंदोलनं करावी लागली. ३१ मार्च २०१८ ला योजना संपली आणि प्रेरकही गेले. शिकणाऱ्यांनी कुणाकडे जायचं, याचं उत्तर कुणीच दिलं नाही.

आता २०२२ ते २०२७ या काळासाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, ज्याला आपण ‘उल्लास’ म्हणून ओळखतो. पाच कोटी प्रौढ, १,०३७.९० कोटी रुपये. भागाकार केला तर पाच वर्षांत माणशी सुमारे २०८ रुपये येतात. एवढ्या रकमेत अक्षर-अंकओळख, जीवनकौशल्यं, व्यवसायकौशल्यं, पायाभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण असे पाच घटक बसवायचे आहेत. शिकवणारा अर्थातच स्वयंसेवक, म्हणजे बिनपगारी. २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला, तेव्हा त्यांच्यावर कामचुकारपणाचा शिक्का मारणारे खूप निघाले. अशैक्षणिक कामांनी आधीच वाकलेल्या शिक्षकाच्या पाठीवर आणखी एक फुकटचं ओझं टाकलं जात होतं, हे फार थोड्यांनी ध्यानात घेतलं.

लोकांची शिकायची इच्छा कधीच कमी पडलेली नाही. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून साठी-सत्तरीच्या बाया दुपारी वर्गात येऊ लागल्या. ती शाळा एका शिक्षकाच्या पुढाकाराने आणि एका खासगी न्यासाच्या पैशावर उभी राहिली. देशभर तिचे फोटो छापून आले, पण तशी शाळा प्रत्येक तालुक्यात काढण्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम काही आली नाही.

‘उल्लास’ची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. त्यानंतर आणखी एक पाच वर्षांची योजना नको. प्रौढ शिक्षणासाठी अंदाजपत्रकात कायम तरतूद हवी, प्रेरकाला किमान वेतन हवं, आणि साक्षरता व कामाचं प्रशिक्षण पुन्हा एका छताखाली यायला हवं. सुरुवात नंदुरबारपासून करावी. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३४ टक्के होती, तेव्हा तिथे ती ६४.३८ टक्के होती. तिथल्या बायका ऊसतोडीला, वीटभट्टीला बाहेर पडण्याआधीच्या महिन्यांत वर्ग भरवावेत आणि वर्गात बसल्याची मजुरी त्यांना द्यावी.