परसबागेतला तास

लाल भोपळ्याच्या वेलीला पिवळीधमक फुलं लागली की मुलं हरखून जातात आणि ती पटापट गळायला लागली की धास्तावतात. "गुरुजी, वेलाला रोग पडलाय!" परसबागेत शिकवणाऱ्या शिक्षकाला याहून चांगली संधी मिळत नाही. गळालेलं एक आणि वेलीवरचं एक, अशी दोन फुलं शेजारी शेजारी ठेवली की उत्तर मुलंच काढतात. एकाच्या मागे नुसताच लांब देठ, दुसऱ्याच्या मागे सुपारीएवढा हिरवा भोपळा. पहिलं नर, दुसरं मादी. वेलीवर नर फुलं आधी येतात, परागकण देतात आणि गळून जातात. उमलतात भल्या सकाळी, दुपारपर्यंत मिटतात. म्हणून परागीभवन पाहायचं तर पहिल्याच तासाला वेलीपाशी पोचावं लागतं. मधमाशी फिरकली नाही तर नर फूल तोडून मादी फुलावर अलगद टेकवायचं. काही दिवसांनी तो भोपळा फुगायला लागतो, तेव्हा विज्ञानाच्या पुस्तकातली आकृती कुणालाच घोकावी लागत नाही.

महाराष्ट्रातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांत आज अशी परसबाग आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये शालेय परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानंतर पोषण आहाराच्या खिचडीत शाळेतलीच मेथी, पालक, शेवगा पडू लागला. हे मोलाचं आहेच. पण बाग खिडकीबाहेर आणि गणिताचा तास फळ्यावर, असं चित्र असेल तर अर्धी बाग वाया जाते.

ही तक्रार वर्ध्याच्या मातीत जुनी आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा केला. त्यात सूतकताईच्या बरोबरीने शेती आणि फळं-भाज्यांची लागवड होती. ती रिकाम्या वेळेसाठी नव्हती. तिच्यातूनच भाषा, गणित, विज्ञान शिकवायचं होतं. या जोडणीला नई तालीमचे लोक 'समवाय' म्हणतात. सेवाग्रामला २००५ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या 'आनंद निकेतन' शाळेत आजही शेती, कताई आणि स्वयंपाक अभ्यासाचाच भाग आहे.

समवाय म्हणजे काय, हे पावसाच्या एका नोंदीतूनही दिसतं. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी पडतं. मग तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद वाफ्यावर काल वीस मिलिमीटर पाऊस झाला, तर पाणी किती? साठ लिटर. झारी दहा लिटरची असेल तर सहा झाऱ्यांची मेहनत वाचली. क्षेत्रफळ, एककं, गुणाकार आणि भागाकार एका दमात झाले. आणि उत्तर चुकलं तर काय होतं, हे झारी उचलणाऱ्या हातांना चांगलंच कळतं. चवळीचं रोप मुळासकट उपटून पाहिलं तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. एखादी नखाने फोडली की आतून गुलाबी निघते. हवेतला नत्र रोपाला वापरता येईल असा करून देणारे रायझोबियम जिवाणू तिथे कामाला असतात. त्याच वाफ्याच्या कडेला मिरची आणि टोमॅटो उभे असतात. दोघेही मूळचे अमेरिका खंडातले. मिरची इकडे आणली पोर्तुगिजांनी. त्याआधी आपल्या कालवणाला तिखटपणा कुठून यायचा? मिरी आणि आल्यातून. इथे इतिहासाचा तास सुरू होतो आणि तो घरी आजीपर्यंत जातो.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तोही हाताने काम करत शिकण्याच्या याच विश्वासावर. तिकडे कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात अ‍ॅलिस वॉटर्स यांनी १९९५ मध्ये एका माध्यमिक शाळेच्या आवारात बाग आणि स्वयंपाकघर असे दोन वर्ग उभे केले. त्या कामाचं पुढे जगभर अनुकरण झालं. बागेतून होणाऱ्या शिक्षणावरच्या ४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बागेचा फायदा सर्वांत ठळक विज्ञानात दिसला, त्याखालोखाल गणित आणि भाषेत.

मग अडतं कुठे? बहुधा वेळापत्रकात. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात खुरपी वाटून, काम करून, हात धुऊन पुन्हा वहीपाशी येणं होत नाही. त्याला जोडतास लागतो. बाग स्पर्धेपुरती सजली आणि मुलांच्या वाट्याला फक्त तण उपटणं आलं, तर त्याला शिकणं म्हणता येणार नाही, ती वेठ झाली. पेरणीची तारीख, उगवलेल्या बिया, न उगवलेल्या बिया, रोपाची उंची, पडलेली कीड, निघालेली भाजी हे सगळं मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहायला हवं. त्यात निबंध आला, आलेख आला, शेकडेवारीही आली. पाण्याची ओरड असते, पण जेवणानंतर हात धुतलेलं पाणी केळी आणि अळूकडे वळवण्याची सोय कित्येक शाळांनी केलेली आहे. उरतो मे महिना. सुट्टी लागण्याआधी वाल, भेंडी, दोडक्याची चार फळं वेलीवर-झाडावर जून होऊ द्यायची, वाळलेलं बी राखेत घोळून, नाव-तारीख लिहून बरणीत भरायचं. जूनमध्ये वरच्या वर्गात गेलेल्या मुलांनी ती बरणी खालच्या वर्गाच्या हवाली करायची. सोबत आपली नोंदवहीही द्यायची, म्हणजे नव्या मुलांना गेल्या वर्षीच्या आकड्यांशी आपले आकडे ताडून पाहता येतील.